मूत्रपिंडाचे विकार आणि आयुर्वेद : परंपरा, औषधे आणि मर्यादा

मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार २००६ सालापासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांत आणि तपासणी शिबिरांत भारतात एक प्रश्न हमखास विचारला जातो : आयुर्वेदात यावर औषध आहे काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नाही. मूत्राशी संबंधित विकारांचे वर्णन आयुर्वेदाच्या संहितांमध्ये विस्ताराने आले आहे आणि त्यातील काही भाग आजही थक्क करणारा आहे. तथापि ते वर्णन ज्या विकारांचे आहे ते विकार आणि आज ज्याला मूत्रपिंड निकामी होणे म्हणतात तो विकार, हे एकच नव्हेत. हा भेद ध्यानात न आल्याने अनेक रुग्णांच्या उपचारांतील मोलाचा काळ निघून जातो.

वृक्क आणि बस्ती

'मूत्रपिंड' हा मराठीत रूढ झालेला शब्द अर्वाचीन आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत या अवयवाला वृक्क म्हटले असून हिंदीच्या वैद्यकीय परिभाषेत आजही तोच शब्द वापरला जातो. मराठी शब्दात त्या अवयवाचे कार्य नावातच सांगितलेले आहे. संहितांतील वृक्काकडे मात्र हे कार्य सोपवलेले नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे, म्हणजे शरीरातील मेद वाहून नेणाऱ्या मार्गाचे मूळ मानले आहे. सुश्रुतसंहितेनुसार वृक्काची उत्पत्ती रक्त आणि मेद यांच्या सारभागापासून होते. मूत्रवह स्रोतसाचे मूळ सांगताना दोन्ही ग्रंथ वृक्काचे नाव घेत नाहीत. तेथे प्रथम स्थान आहे ते बस्तीचे, म्हणजे मूत्राशयाचे.

मूत्र बस्तीत येते कोठून, याचे सुश्रुताने दिलेले स्पष्टीकरण काव्यमय आहे. पक्वाशयाकडून येणाऱ्या सूक्ष्म नाड्या, नद्यांनी सागर भरत राहावे त्याप्रमाणे, बस्तीला मूत्राने भरत राहतात, असे तो सांगतो. मातीचे कोरे मडके गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवले तर ते बाजूंनी पाझरून आपोआप भरते, हा त्याने दिलेला दुसरा दृष्टांत. सूक्ष्म छिद्रांतून पाझरणे ही कल्पना आजच्या ज्ञानाच्या बरीच जवळ जाते. फक्त ते पाझरणे कोणत्या अवयवात घडते, हे तेव्हा उमगलेले नव्हते. यात त्या काळाला कमीपणा येण्याचे कारण नाही. वाहत्या पाण्यात मृतदेह ठेवून तो मऊ झाल्यावर थर उकलत पाहण्याची पद्धत सुश्रुताने वर्णिली आहे. तीतून डोळ्यांना न दिसणारी रचना कळणे शक्यच नव्हते. युरोपातही मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीची रचना विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने स्पष्ट केली.

आज ज्ञात असलेल्या माहितीनुसार प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड ते दोन लिटर लघवी शिल्लक राहते. याखेरीज रक्तदाबाचे नियमन, रक्तपेशींच्या निर्मितीला चालना, हाडांसाठी आवश्यक असलेले 'ड' जीवनसत्त्व सक्रिय करणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' हा संस्कृत ग्रंथ लिहून आधुनिक शरीररचनेचे ज्ञान आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच परिभाषेत उपलब्ध करून दिले. आजच्या आयुर्वेद महाविद्यालयांत दोन्ही वर्णने शिकवली जातात.

मुतखड्याची शस्त्रक्रिया

संहितांचा खरा अधिकार दिसतो तो मूत्रमार्गाच्या विकारांत. लघवीला त्रास व जळजळ होणे म्हणजे मूत्रकृच्छ्र, लघवी अडणे किंवा कमी होणे म्हणजे मूत्राघात, खडा म्हणजे अश्मरी आणि लघवीचे प्रमाण व स्वरूप बिघडवणारे प्रमेह, असे हे चार मोठे गट आहेत. माधवनिदान या ग्रंथात या चारही विकारांना स्वतंत्र अध्याय आहेत. चरकाने मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले असून हृदय आणि मस्तक यांच्या जोडीने बस्तीची गणना तीन प्रमुख मर्मांत केली आहे.

अश्मरी कशी तयार होते हे सांगताना सुश्रुत पुन्हा मडक्याकडेच वळतो. स्वच्छ दिसणारे पाणीही कोऱ्या घटात बराच काळ ठेवले तर तळाशी गाळ बसतो, तसाच बस्तीत खडा बनतो, असे त्याचे म्हणणे. लघवीत विरघळलेले क्षार साचून स्फटिकरूप धारण करतात हे आजचे स्पष्टीकरण यापासून फार दूर नाही. हा विकार लहान मुलांत अधिक आढळतो, अशीही त्याची नोंद आहे. मूत्राशयातील खडे उत्तर भारतातील बालकांत अगदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वारंवार आढळत असत, हे लक्षात घेतल्यास त्या निरीक्षणाचे मोल कळते.

औषधांनी खडा न पडल्यास शस्त्रक्रिया करावी असे सुश्रुत सांगतो. रुग्णाला गुडघ्याएवढ्या उंच फळीवर उताणे निजवून त्याचे हातपाय घट्ट धरावेत, गुदद्वारात बोटे घालून खडा खाली आणावा, मध्यरेषेवरील शिवणीला धक्का न लावता तिच्या डावीकडे छेद घ्यावा आणि खडा न फोडता अखंड बाहेर काढावा. त्याचा कणही मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, असा इशारा तो देतो. नंतर रुग्णाला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, म्हणजे बस्तीत रक्त साठत नाही. स्त्रियांमध्ये गर्भाशय जवळ असल्याने विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे.

या शस्त्रक्रियेआधी राजाची अनुमती घ्यावी, अशी सूचना तेथे आहे. तिचे कारणही दिलेले आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाची शंका, अशा स्थितीत वैद्याने परस्पर निर्णय घेऊ नये. आपल्या उपचाराची मर्यादा रुग्णाच्या आप्तांसमोर आणि सत्तेसमोर आधीच मांडण्याची ही रीत, आजच्या जाहिरातींतील खात्रीच्या भाषेपेक्षा फारच वेगळी म्हणावी लागेल.

गोखरू, पुनर्नवा, वरुण

चरकाने सूत्रस्थानात लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. त्यात गोक्षुर, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश आदींचा समावेश होतो. गोक्षुर म्हणजे महाराष्ट्राच्या माळरानांवर अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांत रुतणारा सराटा अथवा काटे-गोखरू. सुजेवर दिली जाणारी पुनर्नवा ही ग्रामीण भागात घेटुळी या नावाने ओळखली जाते. पावसाळ्यात पुन्हा नव्याने फुटते म्हणून ती पुनर्नवा. वरुण म्हणजेच वायवरणा या वृक्षाची साल मुतखड्यावरील काढ्यात वापरतात. गोक्षुरादि गुग्गुळ आणि चंद्रप्रभा वटी या शार्ङ्गधरसंहितेत आलेल्या कल्पांना आजही मोठी मागणी आहे. आहारात कुळीथ श्रेष्ठ मानला गेला आहे. कोकणातील कुळथाची पिठी आणि उत्तराखंडातील गहतची डाळ, या दोन्हींमागे मुतखडा पडतो हीच श्रद्धा आहे.

या वनस्पतींवर भारतात आणि भारताबाहेर प्रयोग झालेले आहेत. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये वरुण, गोखरू, पाषाणभेद यांमुळे स्फटिकांची वाढ मंदावते, असे निष्कर्ष अनेकदा मिळाले आहेत. माणसांवरील अभ्यास मात्र थोड्या रुग्णांवरचे, अल्पकाळाचे आणि बहुधा तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेले आहेत. येथे आणखी एक अडचण उभी राहते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेले बहुतेक खडे भरपूर पाणी प्यायल्याने आपोआपच पडून जातात. अशा वेळी रुग्ण जो काढा घेत असेल त्याला श्रेय मिळते. काढ्यासोबत पोटात जाणारे पाणीही उपयोगी असते, ही गोष्ट वेगळी.

मोठा खडा मूत्रनलिकेत अडकून राहिला तर चित्र पालटते. सुरुवातीच्या तीव्र कळा पुष्कळदा काही दिवसांनी थांबतात आणि रुग्णाला औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात अडथळा कायम असल्यास त्या बाजूचे मूत्रपिंड वेदनेविना हळूहळू निकामी होऊ शकते. म्हणूनच दुखणे थांबल्यावरही सोनोग्राफीने खडा गेल्याची खात्री करणे आवश्यक ठरते. खड्यासोबत थंडी वाजून ताप येणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची अवस्था होय.

एकास अमृत, दुसऱ्यास विष

मुतखडा होणाऱ्या व्यक्तीची मूत्रपिंडे बहुधा चांगली काम करीत असतात. भरपूर पाणी, शहाळे, जवाचे पाणी, लघवी वाढवणारी औषधे हे सारे तिला मानवते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाची स्थिती नेमकी उलट असते. त्याचे शरीर पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि रक्तातील पोटॅशियम मर्यादेपलीकडे गेल्यास हृदयाचे ठोके अचानक थांबू शकतात. 'किडनीसाठी चांगले' म्हणून शेजाऱ्याने सुचवलेला उपाय कोणत्या किडनीसाठी, हे त्यामुळे आधी ठरवावे लागते.

क्षारकल्पांच्या बाबतीत हा धोका अधिक ठळक आहे. जवाची झाडे जाळून त्यांच्या राखेपासून काढलेल्या यवक्षारात प्रामुख्याने पोटॅशियमचे क्षार असतात. श्वेतपर्पटी ही सोरा, फटकी आणि नवसागर यांपासून बनते आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. लघवीच्या जळजळीवर ही औषधे पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहेत. निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाने ती स्वतःच्या मनाने घेणे जिवावर बेतू शकते. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति प्रमाणात वा दीर्घकाळ सेवन करू नयेत, असे चरकानेच विमानस्थानात बजावून ठेवले आहे. मिठाविषयीचा हा सल्ला आजचे मूत्रपिंडतज्ज्ञही प्रत्येक रुग्णाला देतात.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज केरळमधील एका उदाहरणाने खोटा ठरवला. बिलिंबी हे आंबट फळ दक्षिणेत आणि किनारपट्टीवर परसात सहज होते. गोव्याकडे त्याला बिंबली म्हणतात. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी त्याचा दाट रस प्यायलेल्या दहा जणांची मूत्रपिंडे तीव्रपणे बिघडल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. फळातील ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचले होते. जेवणात दोन-चार फोडी खाणे आणि रोज पेलाभर रस पिणे यांत हा फरक आहे. सराट्यालाही हेच लागू होते. मुतखडा टाळण्यासाठी त्याचा अर्क घेणाऱ्या इराणमधील एका रुग्णाच्या यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा झाल्याचे वृत्त २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले होते.

नावातील गोंधळ

पाषाणभेद म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी भारतात एकवाक्यता नाही. हिमालयात खडकांच्या भेगांत वाढणारी एक वनस्पती मुख्य पाषाणभेद मानली जाते, दक्षिणेत त्या नावाने निराळीच झाडे वापरतात, तर महाराष्ट्रात अनेक घरांतून कुंडीतल्या पानफुटीची पाने याच हेतूने चावून खाल्ली जातात. हा गोंधळ वरकरणी किरकोळ वाटतो.

बेल्जियममध्ये अशाच गोंधळाची किंमत शंभरहून अधिक स्त्रियांनी मोजली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींचे मिश्रण दिले जात होते. चिनी भाषेत मिळतेजुळते नाव असलेल्या दोन वनस्पतींपैकी चुकीची वनस्पती त्यात आली. ती ॲरिस्टोलोकिया कुळातील होती. तिच्यातील आम्लाने मूत्रपिंडे अल्पावधीत आक्रसली, अनेकींना डायलिसिस अथवा प्रत्यारोपण करावे लागले आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. हे आम्ल कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घोषित केले आहे. याच कुळातील ईश्वरी किंवा सापसण ही वनस्पती भारतात सर्पदंशापासून पोटदुखीपर्यंत लोकोपचारांत वापरली जात आली आहे. तिचा पोटातून वापर करू नये, हेच आजच्या ज्ञानाला धरून आहे.

पारा आणि शिसे

मध्ययुगात विकसित झालेल्या रसशास्त्राने पारा, गंधक आणि धातूंची भस्मे औषधांत आणली. शोधन आणि मारण या दीर्घ प्रक्रियांनंतर धातूचे विषत्व जाते, असे त्या शास्त्राचे प्रतिपादन आहे. बाजारात मिळणारे प्रत्येक औषध त्या प्रक्रियांतून काटेकोरपणे गेलेले असते असे नाही आणि नियमानुसार तयार केलेल्या कल्पांच्या दीर्घकालीन सुरक्षिततेचाही पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी केली असता त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर केंद्र सरकारने निर्यात होणाऱ्या वनस्पतीजन्य औषधांसाठी जड धातूंची चाचणी २००६ च्या आरंभापासून सक्तीची केली.

पाऱ्याचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम आता अधिक नेमकेपणाने कळू लागला आहे. तामिळनाडूतील वेल्लूर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये, पारंपरिक औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा जाड होण्याचा एक विशिष्ट विकार आढळत असल्याचे दाखवून दिले. त्यांनी तपासलेल्या औषधांत पारा होता. या रुग्णांच्या लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणात जात होती. औषध बंद केल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली. दिलासा देणारी बाब एवढीच, की कारण वेळेवर ओळखल्यास हा विकार मागे फिरू शकतो. मात्र त्यासाठी रुग्णाने काय घेतले हे डॉक्टरला सांगितले पाहिजे. बहुतेक रुग्ण ते सांगत नाहीत, आणि डॉक्टर रागावतील ही त्यांची भीती नेहमीच अनाठायी असते असेही म्हणवत नाही.

औषध आणि सौंदर्यप्रसाधन नियमांत विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे. त्यातील द्रव्य असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. पुडीत बांधून मिळणाऱ्या निनावी चूर्णावर अर्थातच काहीही छापलेले नसते. मूत्रपिंडांना होणारा अपाय केवळ पारंपरिक औषधांतूनच होतो असे मानणेही चूक ठरेल. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हे मूत्रपिंड बिघडण्याचे सुपरिचित कारण आहे.

प्रमेहापासून डायलिसिसपर्यंत

दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराची दोन सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धाव घेतात हे निरीक्षण नोंदवले आणि बैठी जीवनशैली, अतिनिद्रा, दही व गोड पदार्थांचे अतिसेवन यांना कारणांत स्थान दिले. लघवीचा वेग अडवू नये, जव, मूग, जुना तांदूळ आणि ताक आहारात असावे, व्यायाम करावा, हे त्याचे उपदेश प्रतिबंधाच्या टप्प्यावर उपयुक्त आहेत. आयुर्वेदाचे सामर्थ्य या टप्प्यावर अधिक आहे, असे अनेक वैद्यही मानतात.

मूत्रपिंड निकामी झाल्यानंतरच्या अवस्थेला संहितांत स्वतंत्र नाव नाही. सूज, पांडुता, मळमळ, लघवी कमी होणे ही लक्षणे पाहून वैद्य तिची सांगड शोथ, पांडू, मूत्राघात यांच्याशी घालतात आणि पुनर्नवा-गोखरूचे काढे, विरेचन, बस्तिचिकित्सा यांची योजना करतात. (येथे बस्ती म्हणजे औषधी एनिमा.) या उपचारांनी डायलिसिस टळते वा सुटते, हे मोठ्या आणि तुलनात्मक अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही.

रक्तातील क्रिएटिनिन कमी झाल्याचे अहवाल मात्र पुष्कळदा पुरावा म्हणून दाखवले जातात. क्रिएटिनिन हे स्नायूंत तयार होते. कडक पथ्यामुळे रुग्णाचे स्नायू झिजले तर मूत्रपिंडात काहीही सुधारणा न होता आकडा खाली येऊ शकतो. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटल्यामुळे तो तात्पुरता वाढलेला असेल तर पाणी भरून निघताच उतरतो. उलटपक्षी दोन्ही मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा सामान्यही दिसू शकतो. त्यामुळे मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी क्रिएटिनिनसोबत लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घेणे इष्ट होय. लघवीला सतत फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसणे ही लक्षणे उशिरा प्रकटतात.

नियमित डायलिसिस घेणाऱ्याने ते सोडून दिल्यास साधारणतः काही दिवसांत वा आठवड्यांत मृत्यू ओढवतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा सुईला सामोरे जाणाऱ्या आणि त्यासाठी रोजगार बुडवणाऱ्या माणसाला 'मशीन सुटेल' हे आश्वासन किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना करता येते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, तरी प्रवासाचा आणि वेळेचा भार उरतोच. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनी तर कोणतेही वनौषध विचारल्याविना घेऊ नये. काही वनस्पतींमुळे प्रतिकारशक्ती आवरून धरणाऱ्या औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते आणि नवे मूत्रपिंड शरीराकडून नाकारले जाण्याचा धोका वाढतो.

रोग बरा करण्याच्या खोट्या हमीला कायद्याने पूर्वीच आळा घातलेला आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम ज्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो, त्यांच्या यादीत मधुमेह आहे, मूत्रपिंड व मूत्राशयातील खडे आहेत आणि मूत्रपिंडाच्या दाहाचे जुने नाव, ब्राइटचा रोग, हेही आहे.